चुरीकाकांची नोकरी

आमच्या पापडी गावात कुणाला जेवायला बोलावलं की माणूस आधी ताटाकडे बघतो. आमचे शेजारी चुरीकाका पंख्याकडे बघतात. "थरथरतोय," म्हणतात आणि स्टूल मागतात. मग पात्याला मेणाची गोळी चिकटवून पंखा शांत होईपर्यंत जेवण बंद! नंदाखालला माझ्या भाचीच्या लग्नात तर ऐन मंगलाष्टकांत त्यांनी मांडवातला मोठा पंखा बंद करवला. नवरदेव घामानं निथळतोय आणि काका भटजींना सांगतायत, "दोन मिनिटं. तोल बिघडलाय." इतकी चिडले होते मी! आता त्या लग्नातलं तेवढंच आठवतं आणि हसू येतं.

काका निवृत्त होऊन परतले तेव्हा आळीत सगळी बैठी घरं होती, मागे केळीच्या वाड्या. ओट्यावर गप्पा रंगायच्या. काका अणुखात्यात होते, दूर परराज्यात, तीस वर्षं. काय करायचात, विचारलं की, "यंत्र नीट फिरतंय का बघायचो." पुढे कुलूप! गुप्ततेची शपथ असते म्हणे. पण ह्या बाबांनी ती बायकोशीही पाळली. मालतीकाकू वैतागायच्या, "तिथल्या शेजारणींना मी सांगायचे, आमचे हे पंखे दुरुस्त करतात. काय करणार, बाई?"

मागच्या वर्षी टीव्हीवर कुठल्याशा देशाच्या बॉम्बची चर्चा पेटली. माझ्या यजमानांनी ओट्यावर ठोकून दिलं, "युरेनियम आटवतात हो, बासुंदीसारखं!" काका कासावीस झाले, पण शपथ! शेवटी मीच पेपर मोठ्यानं वाचला: युरेनियमचा वायू करून उभ्या नळकांड्यांत गरगरा फिरवतात. जड भाग कडेला जातो, हलका आत राहतो. पुन्हा पुन्हा तेच. थोडं केलं तर वीज, करतच राहिलं तर बॉम्ब. नळकांडं जरा थरथरलं तरी फुटतं.

काकू दारातच उभ्या होत्या. "म्हणजे तुम्ही हे करायचात?"

काका चपला घालून चालते झाले.

पुढच्याच महिन्यात काकूंचं हृदयाचं ऑपरेशन ठरलं. सकाळी मी थर्मास घेऊन दवाखान्यात पोचले, तर काकू म्हणत होत्या, "परत येईन न येईन. आता तरी सांगा."

"शपथ आहे गं," काका म्हणाले. "पण एक सांगतो. हे वापरायची पाळी कधी येऊ नये, असं रोज वाटायचं. फार भीती वाटायची. म्हटलं, ती तुला कशाला?"

काकू म्हणाल्या, "अहो, मला वाटायचं, माझ्याशी बोलायचाच तुम्हाला कंटाळा आहे. तीस वर्षं!"

काकांना हुंदका फुटला. मग बोलायलाच लागले. कँटीनची पाणचट आमटी, बसथांब्यावरची बकुळ, कुणाकुणाच्या लागलेल्या डुलक्या. स्ट्रेचर आलं तरी थांबेनात.

ऑपरेशन नीट झालं, आठवड्यानं काकू घरी आल्या. पण माझ्या डोळ्यांसमोरून ऑपरेशनला नेतानाची ती लिफ्ट हलत नाही. दार मिटत आलं तरी काका स्ट्रेचरची कड सोडेनात. "आणि ऐक ना, मालती..."