कुसुममावशींचा वाकडा बॅनर

सिडनीतल्या आमच्या क्वेकर्स हिलमध्ये एक मराठी बाई दर शनिवारी दुपारी शॉपिंग सेंटरच्या दारात एका ट्रॉलीबरोबर निदर्शनं करतात. ट्रॉलीबरोबर म्हणजे अक्षरशः ट्रॉलीबरोबर. बॅनरची एक काठी बाईंच्या हातात, दुसरी ट्रॉलीच्या दांड्याला सुतळीने बांधलेली. वारा सुटला की ट्रॉली चालू पडते, बाई काठी न सोडता तिच्यामागे निघतात आणि निदर्शनाचा आपोआप मोर्चा होतो.

या कुसुममावशी. माझ्या शेजारच्या अजितच्या आई. मूळच्या सांगलीच्या, नर्सिंग मिरजेला शिकल्या आणि पुढची सगळी नोकरी आयर्लंडमध्ये केली. नवरा गेल्यावर मुलाने इकडे आणलं. इकडे येताना बायका लोणच्याची बरणी आणतात, पैठण्या आणतात. मावशींनी झाडूच्या दोन काठ्या आणल्या आणि त्यांना गुंडाळलेली हॉस्पिटलची जुनी चादर. चादरीवर लाल कापडाची इंग्रजी अक्षरं शिवलेली. अर्थ असा, की सगळ्यांना पुरेल एवढं आहे. सिडनीच्या विमानतळावर, बाहेरचं लाकूड इथे चालत नाही म्हणून ऑफिसरने अडवलं, तर मावशींनी चादर उलगडली आणि दुसरी काठी त्यालाच धरायला लावली. बिचाऱ्याने धरली. वर "नो वरीज" म्हणाला.

कारणं बदलत असतात. कधी निर्वासितांसाठी, कधी चहाच्या मळ्यातल्या बायकांसाठी, कधी कुठल्याशा बेटावर समुद्र चढतोय म्हणून. चादर मात्र तीच. "नोरा म्हणते, मजकूर असा हवा की दरवेळी नवा शिवायला लागू नये. धुतला की झालं."

नोरा ही मावशींची तिकडची मैत्रीण. दोघी एकाच वॉर्डात नर्स. अक्षरं तिने शिवली आणि इतकी वर्षं बॅनरची दुसरी काठी तिच्याच हातात असायची. थंडीत बोटं गारठतात म्हणून तिने आपल्या काठीला लोकरीचं हिरवं वेष्टनही विणलं होतं. आता ते ट्रॉलीकडे असतं. मावशींच्या दर दोन वाक्यांआड "नोरा म्हणते" येतं आणि प्रत्येक वाक्यानंतर "ग्रँड". हा शब्द त्यांनी आयर्लंडहून आणला. चहा ग्रँड, ऊन ग्रँड, एकशे दोन ताप असला तरी तब्येत ग्रँड!

आता माझी अडचण सांगतो. मी सिव्हिल इंजिनिअर. वस्तू सरळ उभ्या राहाव्यात यावर माझं पोट चालतं. आणि हा बॅनर वाकडा! ट्रॉलीकडची बाजू चांगली वीतभर खाली. येता-जाता माझा जीव कासावीस व्हायचा. एकदा न राहवून मी सुतळी सोडली, फोनवर लेव्हल बघितली आणि काठी वर घेऊन पक्की बांधली. मावशींनी लगेच गाठ सोडली आणि काठी पुन्हा खाली बांधली.

"अहो मावशी, वाकडं दिसतंय."

"दिसू दे रे. ग्रँड आहे."

पण बाईंचा खरा पराक्रम बघायचा तर अजितची वास्तुशांत आठवावी लागेल. दारातच मावशींनी प्रत्येकाला वाटीतून चिठ्ठी उचलायला लावली. कुलकर्णीकाकांना टेबल-खुर्ची, श्रीखंड-पुरी, बटाट्याची भाजी. आम्हा बाकीच्यांना चटईवर नुसता भात आणि मीठ. मराठी घरात, वास्तुशांतीला, उघड उघड पंक्तिप्रपंच! अजितला तर धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. काका मान खाली घालून श्रीखंड खातायत आणि आम्ही सगळे त्यांच्या वाटीकडे बघतोय. शेवटी माझी मुलगी ओरडली, "आजी, दॅट्स सो अनफेअर!"

"हां! आता कशी बोललीस!" मावशी टाळी वाजवून म्हणाल्या. आयर्लंडमध्ये त्या आणि नोरा शाळाशाळांतून असंच जेवण वाढत, जग कसं जेवतं ते मुलांना कळावं म्हणून.

काका कसनुसे होऊन म्हणाले, "अहो, माझी चिठ्ठीच तशी निघाली. मी काय करणार?"

"चिठ्ठी निघाली हो. पण द्यायला अडवलं कोणी होतं?"

मग आतून श्रीखंडाचं पातेलं आलं आणि सगळ्यांना पुरलं. काका मात्र अजून आमच्याकडे जेवायला आले की पहिली वाटी शेजारच्याकडे सरकवतात.

तर अशी ही बाई. आणि मध्यंतरी तिची ट्रॉली गेली. म्हणजे उतारावरून सुटली आणि एका पार्क केलेल्या गाडीला जाऊन धडकली. सेंटरचा सिक्युरिटीवाला पंजाबी, भला माणूस. हात जोडून म्हणाला, "आंटीजी, अब ट्रॉली से बाँधना मना है. कोई पकड़नेवाला लाओ, नहीं तो बैनर बंद."

मावशींनी कोणालाच विचारलं नाही. जगातल्या कोणासाठीही भांडतील, पण स्वतःसाठी एक शब्द टाकणार नाहीत. पुढच्या शनिवारी दुपारी मी गवत कापत होतो, तर त्या गॅरेजमध्ये खुर्चीवर बसलेल्या दिसल्या. डोक्यावर हॅट, पायात बूट, मांडीवर गुंडाळलेला बॅनर. मी मशीन बंद केलं.

"चला मावशी. दुसरी काठी मी धरतो."

"तुला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. पण अडवलं तरी कोणी होतं?"

मावशी खुदकन हसल्या आणि लगेच उठल्या.

सेंटरच्या दारात मी हिरव्या लोकरीवर हात ठेवून काठी धरली. छातीएवढी, ताठ, अगदी लेव्हलमध्ये. आयुष्यात पहिल्यांदा तो बॅनर सरळ दिसत होता. मी खूश होऊन म्हटलं, "आता नोराला फोटो पाठवा."

मावशींनी चादरीकडे पाहिलं. "नोरा गेली रे," त्या म्हणाल्या. "मी इकडे आले, त्याच हिवाळ्यात. मला जाता नाही आलं."

मावशींनी पदराने चष्मा पुसला.

"फार आठवण येते रे तिची. जरा खाली घे ना काठी. बुटकी होती. माझ्या खांद्याला लागायची."

मी काठी खाली घेतली. हात अवघडले, म्हणून गुडघ्यात वाकलो. बॅनर पहिल्यासारखा वाकडा झाला. मावशींनी माझ्याकडे पाहिलं. म्हणजे माझ्या चेहऱ्याकडे नाही. चादरीच्या त्या टोकाला, जरा खाली, जिथे एका बुटक्या बाईचा चेहरा आला असता तिथे. आणि हसल्या.

"ग्रँड," त्या तिला म्हणाल्या.

सेंटर बंद होईपर्यंत मी तसाच वाकून उभा होतो.