वर्षभर कैद!

आमच्या धसईच्या बाळारामकाकांना भेटलात तर ते आधी तुमच्या डाव्या हाताचं बोट धरून उलटसुलट पाहतील, मग तोंडाकडे. शाई संशयास्पद वाटली की गरजतील, "दुसऱ्याच्या नावानं मत टाकलंस? वर्षभर कैद! नायतर दंड! नायतर दोन्ही!" हे कलम न्हाव्याला, एसटीच्या कंडक्टरला, बोहल्यावरच्या नवरदेवालाही ऐकवून झालंय.

लोक हसतात. मला त्या हसणाऱ्यांची चीड येते.

नव्वदच्या दशकात ग्रामपंचायतीची निवडणूक होती. अनुसयाकाकी जाऊन जेमतेम वर्ष झालेलं. काका मत द्यायला शाळेत गेले, तर मतदारयादीत काकीच्या नावावर खूण! काकी म्हणे सकाळीच मत देऊन गेली. काकांनी आकाशपाताळ एक केलं. तेव्हा उमेदवाराचा माणूस निर्लज्जपणे म्हणतो, "काका, मत फुकट गेलं असतं. काकी असती तर आमालाच देणार व्हती ना?" अख्खी रांग फिदीफिदी हसली. मेलेल्या बाईचं मत चोरायचं आणि वर तिच्या नवऱ्याची समजूत काढायची!

मी काकांना मुरबाडच्या कचेरीत नेलं. साहेबांचा पहिला प्रश्न चोराबद्दल नव्हताच. "बाई वारल्या, मग यादीतून नाव कमी का नाही केलंत? आधी तो अर्ज भरा, मग तक्रार."

काकांनी पेन हातात घेतलं, बराच वेळ धरलं आणि टेबलावर ठेवून दिलं. "नाय जमायचं, साहेब."

परतीच्या एसटीत मी त्यांच्यावर भडकलो. चोर मोकळा सुटला होता!

तेव्हापासून प्रत्येक मतदानाला काका सगळ्यांच्या आधी मत टाकतात आणि भाकरी बांधून शाळेच्या फाटकाबाहेर बसतात, थेट मतदान संपेपर्यंत. गेल्या खेपेला ऊन मरणाचं होतं. मी म्हटलं, "काका, घरी चला."

"घरात ती नाय, शेतावर नाय," काका म्हणाले. "माझ्या नावाखाली तिचं नाव आता या यादीतच उरलंय रे. ते मी खोडू कसा? आन कुणाला वापराया तरी देऊ कसा?"

इतक्यात काकीचं मत लाटणारा उमेदवाराचा तोच माणूस चार बायकांना घेऊन फाटकाशी आला. काका काठी टेकत उठायला लागले. त्यांच्याआधी मीच ओरडलो, "वर्षभर कैद!"