आबा दिघ्यांचं आगमन

विद्यापीठाच्या रोहा उपकेंद्रात इतिहास विभागाच्या दाराबाहेर एक फळा आहे. त्यावर बारा महिने 'आगामी व्याख्याने' असं लिहिलेलं असतं आणि खाली सुजय वारगे सरांच्या सुंदर अक्षरात विषय आणि वक्ते. अक्षराचं कौतुक सगळे करतात. व्याख्यानाला मात्र कुणी फिरकत नाही. मागच्या खेपेला वक्ते ठाण्याहून आले, तर समोर कँटीनच्या विमलबाई तेवढ्या बसलेल्या, आणि त्याही कपबशा परत न्यायच्या म्हणून.

त्यानंतर संचालकांनी सरांना बोलावून घेतलं. "वारगे, यंदा सभागृह भरलं तर भरलं. नाहीतर पुढच्या वर्षीपासून तिथं ब्यूटी पार्लरचा कोर्स. त्यांना जागा पुरत नाहीये हो."

सर बाहेर आले ते तोंड पाडूनच. ही व्याख्यानमाला त्यांनी स्वतः सुरू केली होती, पोटच्या पोरीसारखी जपली होती, आणि तिला असं कुणी घराबाहेर काढणार म्हटल्यावर त्यांना जेवण गोड लागेना. मग मात्र ते इरेला पेटले. सलग पाच दिवसांची माला आखली. पहिलं पुष्प गुंफायला पुण्याच्या डॉ. नूतन सरदेशमुख, विषय 'खाडीकाठची बांधबंदिस्ती आणि मिठागरं'. त्याच दिवशी कै. आबा दिघे यांच्या अर्धपुतळ्याचं अनावरण. हे आबा म्हणजे सायकलवरून गावोगाव हिंडून खारेपाटाचा, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीचा, इतिहास गोळा करणारे गृहस्थ, विभागाचं दैवतच.

सगळं कसं जुळून आलं होतं. फक्त तारीख ठरवताना सरांनी विद्यापीठाचं वेळापत्रक बघितलं, घरच्या भिंतीवरचं कॅलेंडर नाही. त्या दिवशी माघी गणेशचतुर्थी होती. सभागृह इतकं सहज मोकळं कसं मिळालं, याचा उलगडा त्यांना निमंत्रणपत्रिका वाटून झाल्यावर झाला, आणि मग काही इलाज नव्हता.

चतुर्थीच्या सकाळी सर टेम्पोवाल्या आदेशबरोबर पेणला मूर्तिकार जगनच्या कारखान्यात पुतळा आणायला गेले. जगनने उभ्या जन्मात गणपतीच केले होते. फोटोवरून त्याने आबा केले खरे, पण हात आपल्या वळणावर गेलाच. आबांची कांती गुलाबी झाली होती, डोळे काजळ घातल्यासारखे टपोरे, पगडीला सोनेरी कड आणि ओठांवर भक्ताला पावल्यासारखं हसू. नशीब, मिशा तेवढ्या जागेवर होत्या.

"जगन, आबा सावळे होते रे. आणि हसायचे तर कधीच नाहीत."

"फोटो काळापांढरा व्हता, सर. रंग मना कसा कलणार? आन हसला तर काय बिघडला? शाडूचा हाय, पाण्यापासून जपा म्हंजे झाला."

जगनने आबांना पाटावर ठेवलं, पुढ्यात विडा-सुपारी मांडली आणि तोंडावर लाल रुमाल टाकला.

"हे कशाला आता?"

"कारखान्यातून मूर्ती उघड्या तोंडानं जात नाय. माझ्या बापानं कंदी धाडली नाय, मी पन नाय धाडनार."

व्हायचं ते इथूनच सुरू झालं. माघी चतुर्थी, पेणहून निघालेला टेम्पो आणि पाटावर रुमाल घातलेली मूर्ती, मग लोकांनी दुसरं काय समजायचं? वडखळला वाहतूक पोलिसाने टेम्पो अडवला, हात जोडले आणि वाट मोकळी करून दिली. नागोठण्याला एका बाईने लेकराला वर उचलून पाया पडायला लावलं. डॉ. नूतन पुण्याहून ताम्हिणीमार्गे कोलाडला येऊन थांबणार होत्या. त्यांना घ्यायला टेम्पो थांबला, तर चहावाल्याने टपरी सोडून येऊन आबांना जास्वंद आणि दुर्वा वाहिल्या.

"अहो, हा गणपती नाही," सर म्हणाले.

"नसू द्या की. रुमाल हाय ना तोंडावर?" चहावाला म्हणाला आणि त्याने चहाचे पैसेही घेतले नाहीत.

डॉ. नूतन आदेशच्या शेजारी पर्स मांडीवर घेऊन ताठ बसल्या होत्या. "वारगे, तुमच्याकडे वक्त्याला आणायची ही पद्धत आहे का?"

"आज जरा गर्दी आहे, मॅडम," सर म्हणाले.

खरी गंमत रोह्यात झाली. नाक्यावरच्या मंडळाचा गणपती पेणहून निघाला होता, पण त्याचा टेम्पो वाटेत पंक्चर होऊन बसला होता. सकाळपासून ताटकळलेले ढोलवाले, नटूनथटून आलेल्या बाया, आरतीची ताटं, सगळं जिथल्या तिथे आणि मूर्तीचा पत्ता नाही. इतक्यात आदेशचा टेम्पो वळणावर दिसला. मंडळाचा अध्यक्ष हर्षद ओरडला, "आपला नाय, पन बाप्पा तर हाय. वाजवा रे."

ढोल सुरू झाले. गुलाल उडाला आणि निम्मा डॉ. नूतन यांच्या ऑफव्हाइट साडीवर बसला.

"वारगे, तुम्ही यांना खरं का सांगत नाही?"

सर सांगायलाच उतरले होते, देवाशप्पथ. त्यांनी हात वर केला, तोंड उघडलं आणि समोर बघितलं. म्हातारेकोतारे, बाया, खांद्यावर बसलेली पोरं, असा माणसांचा पूर सरांनी व्याख्यानाला स्वप्नातसुद्धा पाहिला नव्हता. सरांचं तोंड आपोआप मिटलं.

"कुटं बसवताय, सर?" हर्षदने विचारलं.

"इतिहास विभागाच्या सभागृहात," सर म्हणाले, आणि यात एक अक्षर खोटं नव्हतं.

"चला तर मग. आमचा येईपरेंत तुमचा नाचवत नेतो."

डॉ. नूतन संतापल्या. "ही शुद्ध फसवणूक आहे. तो रुमाल आत्ताच्या आत्ता काढा."

"मॅडम, अनावरण आहे. त्याआधी कसा काढणार?"

डॉ. नूतन पर्सने साडीवरचा गुलाल झटकू लागल्या.

सभागृह खच्चून भरलं. रिकाम्या खुर्च्या मोजायला म्हणून आलेल्या संचालकांना दाराशी उभं राहावं लागलं. विमलबाईंनी गर्दी बघितली आणि कुणी न सांगता मोठ्या टोपात शिरा टाकला. मग सरांनी रुमाल ओढला.

गुलाबी आबा दिघे मिशांआडून सगळ्यांकडे बघून हसत होते.

"सर," हर्षद हळूच म्हणाला, "सोंड कुटं हाय?"

संपलं सगळं, सरांना वाटलं. आता लोक उठणार, उद्यापासून इथं भुवया कोरणार आणि आपण कोपऱ्यात उभं राहून बघणार. तेवढ्यात पहिल्या रांगेतून खाडीकडच्या गिरजाबाई पुढे आल्या आणि पदराने चष्मा पुसून बघू लागल्या.

"अगो बाय, यो तं आबा. सायकल घेऊन आमच्या मिठागरावं यायचा. आमच्या पडवीत बसून भाकर खाल्लीय त्यानं." त्या हर्षदकडे वळल्या. "मान्साला काय सोंड असते व्हय रं? आन मी आरतीची वात लावलीय, ती काय आता इझवू?"

वात लागली होती, आता विझवणार कोण? आबांची आरती झाली. संचालकांनी टाळ्या वाजवून ताल धरला. आरती संपताच मात्र खुर्च्या सरकू लागल्या आणि सरांना आयुष्यात पहिल्यांदा वेळेवर सुचलं.

"प्रसाद व्याख्यानानंतर मिळेल," त्यांनी माईकवरून सांगितलं.

खुर्च्या जागच्या जागी थांबल्या. बाप्पाचा असो की आबाचा, प्रसाद घेतल्याशिवाय उठणारं माणूस रोह्यात अजून जन्माला यायचं होतं. डॉ. नूतन सुरुवातीला घुश्श्यातच बोलल्या. पण फुटलेले बांध रात्रभर जागून बुजवणाऱ्या गावांचं सांगायला लागल्यावर सभागृह कान देऊन ऐकू लागलं, आणि बाईंना उरलेल्या वेळेचं भान राहिलं नाही. मध्येच मंडळाचा खरा गणपती दाराशी येऊन पोचला. ड्रायव्हरने डोकावून हाक मारली.

"थांब जरा," हर्षद त्याच्यावर खेकसला, "बाई बोलतायत."

बाप्पाने उरलेलं व्याख्यान टेम्पोत बसून ऐकलं.

निघताना गिरजाबाईंनी डॉ. नूतन यांची ओटी भरली. हर्षद सरांपाशी आला. "आमचा पाच दिसांचा. तुमचा किती?"

सरांना फळ्यावरची उरलेली चार व्याख्यानं दिसू लागली. "आमचाही पाचच," ते म्हणाले.

"मग रोजची आरती हितं, आन इसर्जन एकत्र."

"बघू," सर म्हणाले. आमच्याकडे 'बघू' म्हणजे ठरलं, हे त्यांना काय ठाऊक नव्हतं? पण चार व्याख्यानांच्या मोहात माणूस काय काय बोलून जातो.

रोज आरती झाली, रोज व्याख्यान झालं, आणि शिरा खाऊन लोक तृप्त होऊन घरी गेले. पाचव्या दिवशी ढोल दाराशी आले. पुतळा कायमचा आहे, हे सांगायला सर धावत संचालकांकडे गेले. संचालकांच्या डोक्याला भगवी फीत होती. "वारगे, चार लोक करतात ते करावं," असं म्हणून ते मिरवणुकीत पुढे निघूनही गेले.

कुंडलिका नदीच्या पाण्यात आबा हसतहसतच उतरले. शाडू चांगली होती, बघता बघता विरघळली. काठावर उभ्या सरांना रडू आवरेना. आबा गेले म्हणून की माला वाचली म्हणून, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. शेजारी गिरजाबाई हात जोडून म्हणत होत्या, "फुडच्या वर्साला लवकर या, आबा."

दुसऱ्या दिवशी सरांनी जगनला पुढच्या वर्षीचे आबा सांगून ठेवले, थोडे सावळे. मग भीतभीत पुण्याला फोन लावला. आधी साडीबद्दल माफी मागितली आणि पुन्हा येण्याचं चाचरत विचारलं.

"येईन की," डॉ. नूतन म्हणाल्या. "मात्र एक करा, वारगे. मी कोलाडला चढेन, तेव्हा तो रुमाल तोंडावर असू द्या."