केशवराव मास्तरांची जाड वायर

माणसाचा कान हा अत्यंत प्रामाणिक अवयव आहे. त्याला जे सांगून ठेवावं, तेच तो ऐकतो.

लाखनीच्या केशवराव मास्तरांनी १९८२ साली टेपरेकॉर्डर आणला, तेव्हाच त्यांना कळलं की भजन म्हणणाऱ्या बाईचा घसा बसलाय. चौकशीअंती दोष विजेचा निघाला. धानाची गिरणी सुरू झाली की वीज दमते, आणि दमलेल्या विजेतून भजनही दमलेलंच येतं. (गिरणीवाला नत्थू म्हणाला, "मंग लोकाइनं धान कच्चंच खावं का?" शास्त्रात त्याला गती नव्हती.)

भंडाऱ्याच्या भय्याजी इलेक्ट्रिकवाल्यांनी मनगटाएवढी तांब्याची वायर वळून दिली. परीक्षेसाठी समिती बसली: मास्तर, सोमाजी तलाठी आणि सचिव म्हणून मी. मास्तरांच्या पत्नी कुंताबाईंना टेप सुरू असताना गुणगुणायची सक्त मनाई होती.

दुपारी खिडक्या लावून आधी जुन्या वायरवर भजन ऐकलं. ते वाईट असल्याचं एकमताने ठरलं. मग नवी वायर जोडली, मास्तरांनी बटण दाबलं, आम्ही डोळे मिटले.

काय तो आवाज! बाईचा गळा मोकळा झाला होता.

"तबला-पेटी गेली पाहा," सोमाजी कुजबुजला. "इजेतला कचराच होता थो."

"बाई सैपाकघरात बसून गाऊन राहिली असं वाटते," मास्तर म्हणाले.

मध्येच फोडणीचा चर्रकन आवाज आला. तो मी 'अत्यंत स्पष्ट' या सदरात नोंदवला.

भजन थांबलं आणि कुंताबाई दारात आल्या. "अजी, लाइन तं कवाचीच गेली. डोरे मिटून काय आयकून राहिले?"

मास्तर त्यांच्याकडे पाहतच राहिले. "तू गाऊन राहिली होती?"

"लाइन नाही, तं मनाई नाही समजली मी."

"आनखी एक म्हन ना."

"आता वायरीलेच म्हनायले सांगा," म्हणून त्या आत गेल्या.

समितीने अहवाल बदलला नाही. वायर लावल्यावर आवाज सुधारला, हे निर्विवाद होतं. विजेविना सुधारला, हा वायरीचा जादा गुण. आठवड्यात लाखनीत अकरा वायरी खपल्या. मास्तर मात्र रोज दुपारी टेप बंद करून सैपाकघराच्या दाराशी बसू लागले. कुंताबाई गायल्या नाहीत.

आपल्या घरी कोणी गातच नाही, असं ज्या वाचकांना वाटतं, त्यांच्याकडे वीजपुरवठा सुरळीत असावा, असं समितीचं मत आहे.