आमची माणसं चढतात

आमच्या भागातल्या सरकारी रुग्णालयाची लिफ्ट बंद आहे. दुसऱ्या एखाद्या भागात याला गैरसोय म्हटलं असतं. पण आमच्या भागातली माणसं मुळातच कणखर. आमच्या पूर्वजांनी डोंगर चढून पाणी आणलं, तेही कुरकुर न करता. कुरकुर केली असती तर पाणी खाली आलं असतं का, असला प्रश्न आमच्याकडे कुणी विचारत नाही.

लिफ्ट बिघडली तेव्हा दुरुस्तीची मंजुरी आलीही होती. पण तेवढ्यात रुग्णालयात एक समारंभ झाला आणि प्रमुख पाहुणे भाषणाच्या भरात म्हणाले, "ज्यांनी डोंगर तुडवले त्यांना लिफ्ट कशाला?" टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. त्यानंतर लिफ्ट दुरुस्त करणं म्हणजे सगळ्या भागाचा अपमान ठरला असता. लिफ्टच्या दारावर पितळी पाटी बसली, 'आमची माणसं चढतात'. लिफ्टमनची नोकरी गेली नाही. त्याचा हुद्दा बदलून 'प्रोत्साहक' करण्यात आला, आणि तो त्याच स्टुलावर बसून चढणाऱ्यांना "शाबास" म्हणू लागला.

हाडांचा विभाग चौथ्या मजल्यावर आहे.

बाजारातला चष्मेवाला आपल्या आईला घेऊन तिथे आला. आईचा गुडघा सुजून टम्म झाला होता. रुग्णालयाच्या पायऱ्या चढून दारापर्यंत येतानाच तिने दोनदा कठडा धरला होता. चष्मेवाल्याने तिला बाकावर बसवलं आणि तो अधीक्षकांच्या खोलीत गेला.

"डॉक्टरांना जरा खाली बोलवता येईल का?"

"डॉक्टर बाहेरच्या भागातले आहेत हो," अधीक्षक खंतावून म्हणाले. "त्यांना जिने झेपत नाहीत. एकदा चढले की घरी जातानाच उतरतात."

"मग गुडघे दुखणाऱ्यांनी वर जायचं कसं?"

"हीच तर गंमत आहे. जे वर पोचतात त्यांचे गुडघे चांगलेच असतात, आणि जे पोचत नाहीत त्यांची आमच्याकडे नोंदच होत नाही. आमच्या विभागातून आजवर एकही रुग्ण बरा न होता गेलेला नाही. पुरस्कार मिळालाय आम्हाला."

पुरस्कार त्यांच्या मागच्या भिंतीवर होता. चष्मेवाल्याने तो वाचला. त्याला राग आला होता, पण आमच्या भागात राग गिळण्याची पद्धत आहे. तो परत बाहेर आला आणि प्रोत्साहकाला म्हणाला, "दोन माणसं द्या. आईला खुर्चीत बसवून वर नेतो."

"नेऊ की," प्रोत्साहक म्हणाला. "फक्त आजींना बाहेरच्या भागातल्या म्हणून दाखवावं लागेल. आपल्या माणसांना उचलायची सोय नाही."

आईने हे ऐकलं आणि ती ताडकन उठली.

"बाहेरची? मी? सात पिढ्या याच मातीत गेल्यात माझ्या!"

"अगं आई, नुसतं म्हणायचंय. कागदावर."

"कागदावरसुद्धा नाही. सरक बाजूला."

आणि ती चढू लागली. एका हाताने कठडा, दुसऱ्या हाताने लेकाचा खांदा. प्रोत्साहक स्टुलावरून उठून म्हणाला, "शाबास आजी!" जिन्यावर गर्दी जमली. कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी मोबाइलवर चित्रण केलं, एका तरुणाने तर डोळे पुसले. तिला हात द्यायला मात्र कुणी पुढे आलं नाही, कारण त्यामुळे तिच्या जिद्दीला कमीपणा आला असता.

दुसऱ्या मजल्याच्या वर गुडघ्यातून काहीतरी कट्कन वाजलं आणि ती पायरीवरच बसली. अधीक्षक धावत आले. हातात पुष्पगुच्छ होता. फोटोवाल्याने तिला जरा हसायला सांगितलं. ती हसली. मग लेकाच्या कानाशी लागून म्हणाली, "फार दुखतंय रे. पण कुणाला सांगू नकोस."

तेवढ्यात हाडांचे डॉक्टर घरी जायला खाली उतरले. चष्मेवाल्याने त्यांची वाटच अडवली.

"साहेब, एकदा बघा ना हिला."

"उद्या विभागात घेऊन या."

"पण साहेब, गुडघा इथे आहे!"

"तपासणी वर असते," डॉक्टर म्हणाले. त्यांनी आजींना आदराने नमस्कार केला, अंग चोरून बाजूने वाट काढली आणि ते सावकाश खाली गेले.

आजींचा तो हसरा फोटो आता लिफ्टच्या बंद दारावर मोठा करून लावला आहे. लोक त्याच्यासमोर उभे राहून स्वतःचे फोटो काढतात. चष्मेवाल्याच्या दुकानात गिऱ्हाइकं येऊन त्याचं अभिनंदन करतात, "काय आई आहे तुमची!" तो मान हलवतो आणि काच पुसत राहतो. आजींनी तो फोटो पाहिलेला नाही. त्या आता खाटेवरून उठत नाहीत.

त्या दिवशी 'बाहेरची' ऐकून ती ताडकन उठली तेव्हा तुमचाही ऊर भरून आला ना? मनात आलंच असेल, काय बाई आहे! लिफ्टचं पुढे काय झालं, हे मात्र तुम्ही विचारलं नाहीत. संकोच करू नका. तुम्ही आमच्याच भागातले.