लोटननानांचा उजवा पाय

लोटननाना दुसऱ्याच्या गाडीत बसले की त्यांचा उजवा पाय ब्रेक दाबतो. तिथे ब्रेक नसतो, पण तेवढ्याने नानांचा पाय थांबत नाही. माझ्या मोटारसायकलवर मागे बसले की ते पाय टेकायची दांडी दाबतात. एसटीत बसले की पुढच्या सीटचा पत्रा. पुतण्याच्या लग्नाला चाळीसगावला जाताना त्यांनी नव्या मोटारीतल्या रबरी चटईला एका प्रवासात भोक पाडलं. मुक्ताईनगरच्या यात्रेत मी त्यांना मोठ्या पाळण्यात बसवलं, तर पाळणा वरून खाली येताना दर फेरीला ब्रेक. बारा फेऱ्या, बारा ब्रेक. मी मोजले.

"नाना, पाळण्याला कुठला ब्रेक?"

"माले माहीत शे भाऊ. पायले माहीत नही."

नाना मूळचे पारोळ्याकडचे. जळगावात आमच्यापासून तिसऱ्या घरात राहतात. कांतीशेठच्या ज्या पाइपांच्या एजन्सीत मी माल रवाना करण्याचं काम बघतो, तिथला टेम्पो ते चालवत. वय सत्तावन्न. तरुणपणी अकरा वर्षं ट्रकवर होते. पुढे बायको आजारी पडली तेव्हा संध्याकाळी सातला घरी पोचता यावं म्हणून त्यांनी गावातलं काम धरलं. मथुरावहिनी जाऊन नऊ वर्षं झाली. नाना तरीही बरोबर सातलाच घरी पोचत.

गावातल्या गल्ल्या त्यांना पत्त्याने नाही, कुत्र्यांवरून पाठ होत्या. मी मालाच्या चलनावर प्लॉट नंबर, गट नंबर, जवळची खूण असं सगळं नीट लिहून देई. नाना ते घडी करून खिशात ठेवत आणि विचारत, "म्हणजे लंगडं कुत्रं शे, ते घर ना?" चौदा वर्षांत त्यांनी माल एकदाच चुकीच्या घरी टाकला. पिंप्राळ्याकडचं एक तांबडं कुत्रं मालक बदलून चार घरं पुढे राहायला गेलं होतं. नानांनी त्या नव्या घरी वीस पाइप उतरवले आणि वर सहीसाठी हुज्जत घातली, "कुत्रं तर हेच शे!"

असा माणूस एका सकाळी माझ्या टेबलासमोर येऊन म्हणाला, "भाऊ, मी धुळ्याच्या एका ट्रकवर जाऊ का? डबल ड्रायव्हर."

केळीची गाडी रावेरकडून दिल्लीला निघाली की तिला रस्त्यात मुक्काम परवडत नाही. म्हणून तिच्यावर दोन ड्रायव्हर असतात. एक चालवतो, दुसरा सीटमागच्या बाकावर पडदा ओढून झोपतो. मग अदलाबदल. चाकं थांबतात ती जेवणापुरती, चहापुरती आणि डिझेलपुरती. धुळ्याच्या एका गाडीमालकाला असा दुसरा माणूस हवा होता. नानांचं जड वाहनाचं लायसन्स चालू होतं. ट्रक सुटला तरी त्याचं त्यांनी दर मुदतीला नूतनीकरण करून घेतलं होतं, हे मला त्या दिवशी कळलं.

"पण का, नाना?"

"जळगावमा आते एक बी रस्ता नवा ऱ्हायना नही. कंटाळा उना."

मला हे कारण पुरेसं वाटलं नाही. मी घरी येऊन एका कागदावर दोन रकाने आखले. 'राहावे' या बाजूला अकरा मुद्दे आले: वय, कंबर, घरचं जेवण, ओळखीची माणसं, कांतीशेठसारखा मालक वगैरे. 'जावे' या बाजूला चार, त्यातला एक 'कंटाळा'. शिवाय मी हिशोब काढला की चोवीस तासांत दोघे ड्रायव्हर एकाच वेळी जागे असतील ते फार तर तीन तास. दिवसाला चाळीस दारांवर बोलणाऱ्या माणसाचं तीन तासांत कसं भागणार?

आमच्या हिने कागद वाचला आणि म्हणाली, "माझं लग्न ठरवताना वडिलांनी असा कागद केला असता, तर तुम्ही काही पास झाला नसता."

नानांनी मात्र कागद शांतपणे वाचला. दोनदा वाचला. मग म्हणाले, "बठ्ठं, सगळंच बरोबर शे. पन पायना रकाना कोठे शे?"

खरंच, तो राहिलाच होता. चालवण्याची नानांना भीती नव्हती. अडचण होती ती झोपायची. जो माणूस पाळण्यात ब्रेक मारतो, तो दुसऱ्याच्या हाती ट्रक देऊन पडद्यामागे झोपणार कसा? गाडीमालकानेही नेमकी तीच अट घातली होती. फोनवर तो मला म्हणाला, "चालवणारे खूप मिळतात हो. झोपणारा दाखवा. जागा राहिलेला माणूस स्टिअरिंगवर बसला तर केळीही जातात आणि माणसंही."

चाचणी रविवारी ठरली. रिकामा ट्रक. धुळे ते जळगाव नानांनी चालवायचा, आणि परत धुळ्याला जाताना गाडीवरच्या जुन्या ड्रायव्हरने, हिंमतभाऊंनी. तेव्हा नानांनी झोपायचं. साक्षीदार म्हणून मालकाने मलाच बसायला सांगितलं, कारण मी आकडे लिहून ठेवतो ही माझी कीर्ती नानांनी तिथपर्यंत पोचवली होती. झोपेची परीक्षा देणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो. पठ्ठ्याने आदल्या दिवशी दुपारची झोप वाचवून ठेवली होती.

नानांची बाजू उत्तम झाली. गेल्या कित्येक वर्षांत ट्रक हाती न धरलेल्या माणसाने एरंडोलच्या गर्दीतून गाडी अशी काढली, की हिंमतभाऊंनी मिशीवरून बोट फिरवलं. हा फार कमी बोलणारा माणूस. मिशीवर बोट म्हणजे शाबासकी, हे मला नंतर कळलं.

जळगावात चहा झाला. नाना बाकावर आडवे झाले, बोटभर फट ठेवून पडदा ओढला. हिंमतभाऊंनी गाडी काढली. पाळधी यायच्या आतच पडद्यामागून सीटवर पहिली लाथ बसली.

मी मोजू लागलो. एरंडोलपर्यंत नानांच्या लाथा एकेचाळीस, हिंमतभाऊंचे ब्रेक तेरा. माझा चेहरा पडला. पडद्यामागून आवाज आला, "भाऊ, माफ करा. मी नही मारत, पाय मारस."

हिंमतभाऊ रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले, "मारा नाना, मारा. सीट मजबूत शे."

एरंडोलच्या पुढे रस्त्याच्या कडेला एक बैलगाडी चालली होती. अजून बरीच लांब. तेवढ्यात आमचा वेग कमी झाला. लाथ त्यानंतर बसली. पुढे एका ढाब्यातून मोटारसायकल निघायच्या बेतात होती. पुन्हा हिंमतभाऊंचा ब्रेक आधी, लाथ मागाहून. मी कागदावर नवा रकाना आखला: 'आधी कोण?' पुढच्या नऊ वेळांपैकी आठ वेळा हिंमतभाऊ. नवव्या वेळी दोघे एकदम. त्या वेळी रस्त्यावर काहीच नव्हतं. लांब एका शेळीने नुसतं डांबराकडे पाहिलं होतं.

पडद्याची फट मोठी झाली. नानांचं डोकं बाहेर आलं. "भाऊ," ते मला म्हणाले, आवाजात भक्तिभाव, "हाऊ माणूस मना आधी दाबस!"

"बाहेर काय पाहता? झोपा," हिंमतभाऊ म्हणाले. "पडदा ओढला की तो माणूस गाडीत नाही. आमचा कायदा शे."

डोकं आत गेलं. दोन लाथा आल्या, त्यातही दुसरी अगदी लेचीपेची. पारोळा गेलं आणि लाथा थांबल्या. मला वाटलं, धरून ठेवल्या असतील. पण मग घोरणं सुरू झालं. मी घड्याळ पाहिलं. पारोळा ते धुळे लाथा शून्य, घोरणं अखंड. मधल्या एका फाट्यावर उसाचा ट्रॅक्टर अचानक आडवा आला, हिंमतभाऊंनी करकचून ब्रेक मारला, माझं कपाळ काचेला लागलं. पडद्यामागे फक्त सूर बदलला.

धुळ्याला गाडी आवारात शिरली. मालक पुढे आला तर हिंमतभाऊंनी तोंडावर बोट ठेवलं. मालक पायरीवर चढला, खिडकीला कान लावला, आणि देवळातून उतरावं तसा हळूच खाली उतरला. "आकडे राहू द्या," तो मला म्हणाला. "हा आवाजच पुरे. पुढच्या सोमवारपासून पाठवा ह्याला."

मग हिंमतभाऊंनी पडदा सरकवून नानांचा खांदा हलवला. "उठा नाना. धुळं उनं. च्या पी ल्या." नाना उठून बसले आणि हिंमतभाऊंकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले. आपण पास झालो हे ऐकून मात्र बाकावरूनच दोन्ही हात वर केले आणि टपावर आपटले.

कांतीशेठनी गादीवाली सीट, नवा टेम्पो, दोन्ही देऊ केलं. नानांनी हात जोडले आणि नव्या माणसासाठी सगळ्या कुत्र्यांची यादी माझ्याकडून लिहून घेतली. एकशे सहा कुत्री, चार मांजरी, एक पोपट. पहिल्या खेपेत दिल्ली एकतीस तासांत. केळी हिरवीगार. परतल्यावर नाना गल्लीत असे चालत होते, की मुलं वाट देत होती.

दोन महिन्यांनी ते ओट्यावर बसले होते. मी म्हटलं, "नाना, माझा कागद चुकला, कबूल. पण तीन तासांचं बोलणं पुरतं?"

"बोलाले कोण जास? हिंमत तर बोलतच नही."

"मग?"

नानांनी हातातला कप ओट्यावर ठेवला. "घर माले कोन उठाडस, भाऊ? नऊ वर्सं झाली. गजर लावतो मी, गजर वाजतो, मीच बंद करतो. तिथे माणूस येतो. खांदा हलवतो. नाना म्हणतो."

मग जरा लाजल्यासारखे म्हणाले, "खरं सांगू? आते गाडी उभी ऱ्हायनी का माले लगेच जाग येस. हिंमतले चहा सांगीसन यायला दहा मिनिटं लागतात. तोवर मी डोळे मिटून पडी ऱ्हास."