दाऊद टेलर आणि खडकावरची कालवं

आमच्या कुंभिवलीपासून समुद्र इतका लांब, की गावातल्या निम्म्या माणसांनी तो बघितलेला नाही. तरी आमचा शेजारी दाऊद टेलर भरती-ओहोटीवर जगायचा. पुनव-अवस आली की दिवस कलता कलता त्याचं मशीन एकदम थांबायचं. अर्धी शिवलेली चड्डी सुईखाली तशीच. पाय पायडलवर, तोंड मावळतीकडं.

"काय झालं रं दाऊद?"

"सुकती लागली, किसनदा."

सुकती म्हणजे ओहोटी. समोर डोंगर, हायवेवरनं ट्रक चाललेत, आणि ह्याची ओहोटी! अंधारायला लागलं की "पानी फिरलं" म्हणायचा, मानेवरचा घाम पुसायचा आणि पुन्हा मशीन सुरू. मध्ये गिऱ्हाईक आलं तर टेप त्याच्या गळ्याभोवती आवळून हा मावळतीकडंच बघायचा; गळ्याचं माप द्यायला माणसानं भ्यावं. "पानी इचारून येत नाय," हे त्याचं नेहमीचं. नवरदेवाचं माप घेतानासुद्धा हेच.

मी मैलकुली, रस्त्याचे खड्डे बुजवणारा. तिसरीत शाळा सुटली. सरळ सांगतो, मला तो येडा वाटायचा.

कापड उडू नये म्हणून दुसरे शिंपी लोखंडाचा तुकडा ठेवतात. ह्याच्या टेबलावर कालवांची शिंपलं. कालवं खाडीच्या तोंडाशी खडकाला चिकटलेली असतात. मोठी ओहोटी लागली की बाया चालत खडकावर जातात, कोयत्यानं फोडून काढतात आणि पाणी फिरायच्या, म्हणजे भरती लागायच्या आत परततात. तसली पंचवीस-तीस शिंपलं होती. कुणाला हात लावू द्यायचा नाही.

निवडणुका आल्या की मात्र सगळे उमेदवार ह्याच्या ओट्यावर. पंचक्रोशीत झेंडे शिवणारा हा एकटाच. आणि ह्याचा एकच सवाल, "आदी सांगा, कालवांचं काय करनार?"

ट्रान्झिस्टरवर त्यानं ऐकलं होतं, की दूर दक्षिणेला काठाजवळ तराफे बांधतात, त्यांना दोर सोडतात आणि दोरावर कालवं पिकवतात. भेंडी-वांग्यासारखी. ते आपल्या किनाऱ्याला झालं पाहिजे, हा त्याचा हट्ट.

छत्रीवाला उमेदवार हसून म्हणाला, "टेलर, आपल्या मतदारसंघात समुद्र तरी हाय का?"

"नाय. पन तुमी निवडून मुंबईलाच बसनार ना? तितं हाय."

कंदीलवाल्यानं लगेच कबूल केलं, "खोपोलीत कालवांचा कारखाना काढू!"

"आनि त्यांना खायला काय घालनार सायेब, डिझेल?"

दाराच्या आतल्या बाजूला दाऊद खडूनं लिहून ठेवायचा. छत्री: हसला. कंदील: कारखाना. लोक ते वाचायला यायचे. मीही हसलो.

शिडीवाला उमेदवार आला त्या वर्षी हसणं थांबलं. जीप, चार माणसं, कापडाचा गठ्ठा. दाऊदनं सवाल टाकला. शिडीवाला घड्याळात बघत राहिला. त्याचा एक माणूस मशीनवर हात ठेवून म्हणाला, "परवा सकाळी झेंडे तयार पायजेत. नायतर ह्ये मशीन पाताळगंगेत. मग बस दोर सोडत."

गावात त्या माणसांनी लोकांचे हात-पाय मोडलेले आम्ही बघितले होते. मी म्हणालो, "दाऊद, गप शिव बाबा." पण त्याचं मशीन हलेना. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत तो रस्त्याकडं बघत बसला. मला वाटलं, जीपला भ्यालाय.

आमची कारभारीण सुभद्रा मला आत ओढून म्हणाली, "अवो, तो जीपला न्हाय भ्यायला. अवस होऊन चार दिस झालं, शिंपला आला न्हाय."

"कसला शिंपला?"

मग तिनं सांगितलं. दाऊद मूळचा खाडीकाठच्या गावचा. त्याची बायको तिथल्याच खडकावर कालवं काढायला गेली होती. पाणी मागून फिरलं, मिळाली नाही. समुद्र दिसू नये म्हणून तो मशीन घेऊन डोंगराच्या पायथ्याला आला. पण लेक, झुबेदा, दिली त्याच गावात. सासरचं पोट कालवांवर. तीही त्याच खडकावर जाते. लिहिता येत नाही, म्हणून सुखरूप परतली की एक शिंपला चिंधीत बांधून अलिबागकडच्या एस.टी.च्या कंडक्टरकडं देते. दाऊद कामात असला की सुभद्राच स्टॉपवर जाऊन तो आणायची. मला कधी सांगितलं नाही, कारण मी हसलो असतो.

दुसऱ्या दिवशी स्टॉपवर मी गेलो. एस.टी. दिसली तशी ती थांबायच्या आत मी दाराशी गेलो. कंडक्टर म्हणाला, "गाडी बंद पडलेली काका, म्हनून राहिलं." हातात चिंधी.

मी पळत आलो. दाऊदनं गाठ दातानं सोडली. मोठा शिंपला निघाला, तसा तो हसला. मग चिंधीतनं आणखी एक पडला. अंगठ्याएवढा.

हसू तिथंच गेलं.

"नातीला पन खडकावर न्यायला लागली," तो म्हणाला. "आट वर्साची हाय रं ती."

रात्रभर मशीन चाललं. सकाळी जीप आली तेव्हा झेंडे तयार होते. दाऊदनं गठ्ठा हातात घट्ट धरला आणि शिडीवाल्याला विचारलं, "सायेब, माजी नात आट वर्साची हाय. कालवं काटाजवळ दोरावर आली, तर तिला खडकावर जायला लागनार नाय. काय करनार?"

माणसं पुढं सरकली. मला वाटलं, संपलं. पण शिडीवाला पहिल्यांदा त्याच्याकडं नीट बघत म्हणाला, "बघू."

दाऊदनं दारावर लिहिलं. शिडी: बघू. शिडीवाला निवडून आला. दारावर अजून तेच आहे.

मोठे शिंपले टेबलावर राहिले. तो अंगठ्याएवढा दाऊदनं खिशात ठेवला. सुकती लागली की मुठीत धरायचा, पाणी फिरेपर्यंत सोडायचा नाही.

गेल्या साली माझी सुभद्रा गेली. माणसं आली, बोलली, गेली. दिवस कलताना घर इतकं गप्प झालं, की मला माझ्याच घरात बसायची भीती वाटायला लागली. ओट्यावर दाऊद येऊन बसला. अवस होती. त्यानं खिशातनं तो शिंपला काढला, माझ्या मुठीत घातला आणि वरनं माझी बोटं मिटली.

"घट धर, किसनदा. पानी फिरंपरेंत."

आणि स्वतः रिकामे हात मांडीवर ठेवून मावळतीकडं बघत बसला.